बधिरता आणि उपचार : त्वचेवर लावावयाच्या बधिरक औषधांचा इतिहास आणि रायगड जिल्ह्यातील विंचूदंशाचा अनुभव

१. प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासाची मांडणी बहुधा मोठ्या साथी आणि मोठे शोध यांच्या अंगाने केली जाते. प्लेग, पटकी, देवी यांच्या इतिहासावर विपुल लेखन झाले आहे. वेदनेच्या इतिहासाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमीच गेले आहे. वास्तविक सामान्य माणूस वैद्याकडे जातो तो प्रथमतः वेदनेमुळे. वेदना थांबली की रोग गेला, अशी त्याची सहजसमजूत असते आणि या समजुतीचा परिणाम औषधाच्या निवडीवर, मात्रेवर आणि वापरावर होत असतो.

प्रस्तुत लेखात त्वचा बधिर करणाऱ्या औषधांचा इतिहास थोडक्यात पाहून त्यांच्या सुरक्षित वापराचे नियम कोणत्या अनुभवांतून सिद्ध झाले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी रायगड जिल्ह्यातील विंचूदंशाच्या उपचाराचा इतिहास आधारभूत धरला आहे. पेण आणि रोहा हे तालुके ज्या जिल्ह्यात मोडतात, त्याच जिल्ह्याच्या महाड तालुक्यात विंचूदंशाच्या उपचाराला नवी दिशा मिळाली. वरवर पाहता विंचूदंश आणि बधिर करणारे मलम यांचा संबंध दूरचा वाटतो. परंतु वेदना शमविणे आणि रोगावर उपचार करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्वचेवर घडलेली घटना त्वचेपुरतीच राहते असे नाही, ही दोन्ही तत्त्वे विंचूदंशाच्या अभ्यासात जितकी स्पष्ट होतात तितकी क्वचितच अन्यत्र होत असतील.

२. परंपरागत वेदनाशमन

वेदना कमी करण्यासाठी त्वचेवर काही लावण्याची प्रथा आपल्याकडे प्राचीन आहे. आयुर्वेदात लेपांचा विस्तृत विचार आढळतो. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विंचवांचे मंदविष, मध्यविष आणि महाविष असे तीन वर्ग केलेले आहेत. सर्व विंचू सारखे नाहीत आणि सर्व दंशांचा परिणामही सारखा नाही, ही जाणीव त्या काळीही होती, हे या वर्गीकरणावरून लक्षात येते. घरगुती उपचारांत दातदुखीवर लवंगेचे तेल वापरले जाते आणि अक्कलकाऱ्याने जीभ चुरचुरून बधिर होते, हे अनुभवाने ठाऊक होते. लवंगेतील युजेनॉल या द्रव्यामुळे ही बधिरता येते, असे पुढे रसायनशास्त्राने स्पष्ट केले.

कोकणच्या खेड्यांत विंचू हा शेजारीच म्हटला पाहिजे. कौलारू छप्पर, कुडाच्या भिंती, भाताच्या पेंढ्याच्या उडव्या, सरपणाचे ढीग आणि अंगणातील दगड ही सारी त्याची आश्रयस्थाने होत. भातकापणीच्या दिवसांत उघड्या हातांनी पेंढा उचलणारी शेतकरी स्त्री, वीटभट्टीवर राबणारे कातकरी कुटुंब, रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपणारी मुले यांना त्याची बाधा होण्याचा संभव अधिक. विंचू ‘उतरविणाऱ्या’ मांत्रिकांना गावोगाव मिळालेली प्रतिष्ठा याच परिस्थितीतून आलेली होती. संत एकनाथांनी विंचवावर भारूड रचले आणि त्यात दंशाच्या वेदनेला आध्यात्मिक अर्थ दिला. सामान्य श्रोत्याला ते रूपक तात्काळ उमगले, कारण त्या वेदनेचा अनुभव घरोघरी होता.

मांत्रिकाला यश येत असे असे लोकांना का वाटत होते, याचा विचार इतिहासाच्या अभ्यासकाने केला पाहिजे. विंचू चावलेल्या बहुसंख्य माणसांना केवळ स्थानिक वेदना होतात आणि त्या काही तासांनी आपोआप ओसरतात. त्या ओसरल्या की श्रेय मंत्राला मिळे. ज्याच्या शरीरात विष भिनले तो दगावला, तर दैवाला बोल लावला जाई. वेदना हेच रोगाचे मोजमाप मानल्यामुळे उपचाराची परीक्षाच होऊ शकत नव्हती. मंत्राची जागा पुढे मलमाने घेतली, तरी हा दोष नाहीसा झाला असे म्हणता येत नाही.

३. बर्फापासून लिग्नोकेनपर्यंत

आधुनिक स्थानिक बधिरीकरणाचा आरंभ सामान्यतः १८८४ हे वर्ष मानला जातो. कोकाच्या पानांतील कोकेन हे द्रव्य जर्मन रसायनज्ञ आल्बर्ट नीमान यांनी १८६० च्या सुमारास वेगळे केले होते आणि त्याने जीभ बधिर होते, हेही नोंदविले होते. त्याचा शस्त्रक्रियेसाठी उपयोग करून दाखविण्याचे श्रेय व्हिएन्ना येथील तरुण नेत्रवैद्य कार्ल कोलर यांच्याकडे जाते. कोकेनचे थेंब घातल्यावर डोळ्यावर वेदनेविना शस्त्रक्रिया करता येते, हे त्यांनी १८८४ मध्ये सिद्ध केले.

डोळा, नाक, घसा यांच्या ओलसर आवरणावर परिणाम करणारे हे द्रावण धडधाकट त्वचेवर मात्र निष्प्रभ ठरत असे. त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर पाण्यात विरघळलेल्या द्रव्याला सहजी आत जाऊ देत नाही. म्हणून त्वचा बधिर करण्यासाठी थंडीचा आश्रय घेतला गेला. इंग्लंडमध्ये जेम्स अर्नॉट यांनी बर्फ व मीठ यांच्या मिश्रणाचा पुरस्कार केला. बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांनी १८६६ मध्ये ईथरचा फवारा वापरला. सुईने औषध त्वचेखाली सोडणे हा दुसरा मार्ग होता. म्हणजे त्वचा बधिर करण्यासाठी आधी त्वचेला टोचावे लागे.

कोकेनचा दुसरा चेहराही लवकरच प्रकट झाला. व्यसनाधीनता, झटके आणि मृत्यू यांच्या वार्ता येऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई आणि कलकत्ता या बंदरांतून कोकेनचा चोरटा व्यापार चाले आणि ते विड्यातून खाल्ले जाई. १९३० च्या डेंजरस ड्रग्ज ॲक्टने आणि पुढे १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने त्यावर कठोर नियंत्रण आणले. त्वचा आणि श्लेष्मल आवरणे बधिर करणारे पहिले प्रभावी औषध कायद्याच्या कक्षेत आले ते त्याच्या शरीरव्यापी परिणामांमुळे, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कोकेनला पर्याय शोधताना आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी १९०४ च्या सुमारास प्रोकेन तयार केले. त्यानंतर स्वीडनमधील निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी १९४३ मध्ये लिडोकेन सिद्ध केले. भारतात ते लिग्नोकेन या नावाने अधिक परिचित आहे. १९४८ पासून ते ‘झायलोकेन’ या व्यापारी नावाने बाजारात आले. आज दंतवैद्याच्या खुर्चीपासून प्रसूतिगृहापर्यंत स्थानिक भुलीसाठी सर्वाधिक वापरले जाणारे औषध तेच आहे.

धडधाकट त्वचेतून सुईवाचून औषध आत पोहोचविण्याचा प्रश्न १९८० च्या दशकात सुटला. लिडोकेन आणि प्रिलोकेन ही दोन्ही द्रव्ये स्वतंत्रपणे सामान्य तापमानाला घनरूप असतात. ती समप्रमाणात मिसळली की मिश्रणाचा वितळबिंदू सुमारे १८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो आणि ते तेलासारखे द्रवरूप होते. या गुणधर्मावर आधारलेले, दोन्ही द्रव्ये प्रत्येकी २.५ टक्के असलेले मलम स्वीडनमध्ये विकसित झाले. लहान मुलांना सुई टोचण्यापूर्वी ते लावण्याची पद्धत जगभर रूढ झाली. १९९९ मध्ये अमेरिकेत ५ टक्के लिडोकेनच्या चिकटपट्टीला मान्यता मिळाली. नागीण बरी झाल्यावर मागे उरणारी, वस्त्राचा स्पर्शही सहन न होणारी जी जळजळ असते, तिच्यासाठी ही पट्टी मुख्यतः योजली गेली.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. मुंबईत १८९३ मध्ये सुरू झालेल्या अमृतांजनाने ‘बाम’ हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत नेला. मेंथॉल, कापूर, निलगिरी असे घटक असलेले बाम त्वचेवर गारवा किंवा उष्णता यांची संवेदना निर्माण करून वेदनेकडील लक्ष दुसरीकडे वळवितात. बधिरक मलम याहून भिन्न असून ते मज्जातंतूंचे काम काही काळ थांबविते. दोन्ही पदार्थ दिसण्यात सारखे आणि लावण्याची रीतही सारखी असल्यामुळे, बाम चोळण्याची सवय असलेला हात बधिरक मलमही त्याच सढळपणे चोळतो. सुरक्षिततेचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

४. महाडचा अनुभव

पेण ओलांडून मुंबई–गोवा महामार्गाने दक्षिणेस गेले की नागोठणे, कोलाड, माणगाव अशी गावे मागे टाकून महाड लागते. रोह्यास जाणारा फाटा कोलाडहून निघतो. १९८१ पूर्वी हा सारा प्रदेश कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जात असे. जालना जिल्ह्यातील देहेड गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ मध्ये महाडजवळील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने तरुण, धडधाकट माणसे आणि लहान मुले दगावत होती आणि त्यावर निश्चित उपचार नव्हता. प्राझोसिनपूर्व काळात, गंभीर लक्षणे असलेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण कोकणात सुमारे ३० टक्क्यांपर्यंत असल्याचे वैद्यकीय लेखनात नमूद आहे.

डॉ. बावस्कर यांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून लक्षणांची क्रमवार नोंद केली. उलटी, सर्वांगाला दरदरून घाम, लाळ गळणे, पुरुषांमध्ये लिंगाची ताठरता आणि हातपाय थंड पडणे ही लक्षणे हृदयावरील आघाताची पूर्वसूचना देतात, हे त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. यांतील एकही लक्षण दंशाच्या जागेचे नाही, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. नांगी बोटाला लागली तरी संकट हृदयावर आणि फुप्फुसांवर असते.

विषामुळे शरीरात ॲड्रिनॅलिनसदृश द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावरील भार वाढतो आणि अखेरीस फुप्फुसांत पाणी साठते. प्राझोसिन हे मूळचे रक्तदाबावरील औषध या आकुंचनाला नेमका अटकाव करते. त्याच्या वापराविषयीचा डॉ. बावस्कर यांचा लेख १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात आला. हे औषध स्वस्त, गोळीच्या रूपात मिळणारे आणि खेड्यातील दवाखान्यात देता येण्यासारखे होते. त्याचा वापर रूढ झाल्यावर मृत्यूचे प्रमाण अगदी थोड्या टक्क्यांवर आले. पुढे डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाड येथे ७० रुग्णांवर केलेला तौलनिक अभ्यास २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. प्राझोसिनच्या जोडीला विंचूप्रतिविष दिलेल्या गटात १० तासांत पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण सुमारे ९१ टक्के, तर केवळ प्राझोसिन दिलेल्या गटात ते सुमारे २३ टक्के आढळले. २०२२ मध्ये डॉ. बावस्कर यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला.

या उपचारपद्धतीत लिग्नोकेनला निश्चित पण मर्यादित स्थान आहे. ज्या रुग्णास दंशाच्या जागी असह्य कळ आहे, परंतु शरीरव्यापी लक्षणे नाहीत, त्यास डॉक्टर दंशाभोवती लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात. बर्फाचाही उपयोग होतो. त्यानंतरही त्याच्यावर काही तास लक्ष ठेवले जाते. घरी बधिरक मलम चोळून हे काम साधत नाही, कारण मलमाची बधिरता झाकलेल्या अवस्थेत तासाभराने त्वचेत सुमारे ३ मिलिमीटर आणि दोन तासांनी सुमारे ५ मिलिमीटर खोलीपर्यंतच पोहोचते. विंचूदंशात हेच पहिले तास मोलाचे असतात. ठणका कमी झाला म्हणून घरी थांबलेल्या माणसाला घाम फुटला आणि हातपाय गार पडले, तर तो वेळ पुन्हा मिळत नाही.

५. एकच दार

लिग्नोकेन आणि विंचवाचे विष यांच्यामधील नाते शरीरक्रियाशास्त्राच्या पातळीवर अधिक जवळचे आहे. मज्जातंतूंमधून संदेश वाहतो तो त्यांच्या पटलावरील सूक्ष्म दारांतून सोडियमचे कण आत शिरल्यामुळे. विंचवाच्या विषातील काही घटक ही दारे बंद होऊ देत नाहीत, त्यामुळे संदेशांचा भडिमार होतो. लिग्नोकेन हीच दारे अडविते, त्यामुळे संदेश थांबतो आणि जागा बधिर होते.

अशी दारे केवळ त्वचेतील मज्जातंतूंवरच असतात असे नाही. मेंदूच्या पेशी आणि हृदयाचे स्नायू यांचे कामही सोडियमच्या याच दारांवर चालते. म्हणूनच हृदयाच्या काही गंभीर ताल-बिघाडांत डॉक्टर लिग्नोकेन शिरेवाटे मोजून देतात. बोट बधिर करणारे आणि हृदयाचा ताल बदलणारे औषध एकच आहे. ते कोठे राहते आणि किती प्रमाणात रक्तात उतरते, यावर त्याचे हितकारक वा अहितकारक होणे अवलंबून असते. ओठांभोवती बधिरता, तोंडात धातूसारखी चव, कानात गुणगुण, दृष्टी अंधुक होणे, थरथर, गुंगी वा गोंधळलेपण ही रक्तातील प्रमाण वाढल्याची लक्षणे होत. त्यापुढे झटके येऊ शकतात आणि हृदयक्रिया मंदावून थांबूही शकते.

प्रिलोकेन आणि बेंझोकेन यांच्या बाबतीत आणखी एक धोका संभवतो. त्यांच्यामुळे रक्तातील हिमोग्लोबिनचे रूप बदलून त्याची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. रुग्णाचे ओठ व नखे निळसर पडतात आणि रक्त चॉकलेटी दिसते. ॲनिलिन या रंगद्रव्याशी संबंधित रसायनाची बाधा झालेल्या कामगारांत हीच अवस्था फार पूर्वीपासून परिचित आहे. लहान अर्भकांत, तसेच ‘जी-सिक्स-पी-डी’ या एन्झाइमची उणीव असलेल्या व्यक्तींत हा धोका अधिक असतो. ही उणीव भारतातील काही समाजगटांत आढळते आणि ती असलेल्यांना नेहमीचा उतारा असलेले मिथिलीन ब्लू हे औषधही अपाय करू शकते.

६. नियम कसे सिद्ध झाले

‘वरून लावायचे औषध’ म्हणजे निरुपद्रवी औषध, ही समजूत केवळ अशिक्षितांची नाही. कायद्याच्या रचनेतही तिचे प्रतिबिंब दिसते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आणि त्याखालील नियम १९४५ चे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत अशा औषधांची यादी असलेल्या अनुसूची ‘एच’ला जोडलेल्या टिपेत, बाह्य वापरासाठीच्या मिश्रणांना दीर्घकाळ वगळलेले होते. स्टेरॉइडयुक्त मलमांच्या अनिर्बंध वापराने चेहऱ्याच्या त्वचेची हानी होत असल्याच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या तक्रारींनंतर, २०१८ मध्ये त्या मलमांपुरती ही सवलत काढून घेण्यात आली. त्वचेवरील औषधाकडे पाहण्याचा राज्यसंस्थेचा दृष्टिकोन बदलण्यास सात दशकांहून अधिक काळ लागला.

बधिरक मलमांविषयीचे इशारे तर जीवितहानीनंतर आले. अमेरिकेत दोन तरुणींनी लेझरने केस काढण्यापूर्वी अधिक तीव्रतेचे बधिरक मलम पायांना लावून वर प्लास्टिकचे आवरण गुंडाळले. दोघींनाही झटके आले आणि त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर २००७ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला. या घटनेमागील गणित समजून घेण्यासारखे आहे. २.५ टक्के द्रव्यांच्या प्रमाणित मलमासाठी ७ ते १२ वर्षांच्या मुलास २० ग्रॅम मलम, २०० चौरस सेंटिमीटर क्षेत्र आणि ४ तास ही कमाल मर्यादा सांगितली आहे. प्रौढ माणसाचे दोन्ही पाय मिळून शरीराच्या पृष्ठभागाच्या सुमारे ३६ टक्के, म्हणजे ५,००० चौरस सेंटिमीटरहून अधिक भरतात. मलमाची तीव्रता, क्षेत्र, वेळ आणि आवरण या चारही गोष्टी एकाच वेळी वाढल्या की त्वचेची नैसर्गिक अडवणूक अपुरी पडते. मार्च २०२४ मध्ये त्याच प्रशासनाने, ४ टक्क्यांहून अधिक लिडोकेन असलेल्या आणि चिठ्ठीवाचून विकल्या जाणाऱ्या काही मलमांविरुद्ध पुन्हा इशारा दिला. दात येणाऱ्या बाळांच्या हिरड्यांना लिडोकेनचे द्रावण लावू नये, असा इशारा २०१४ मध्येच देण्यात आला होता.

अर्भकांसाठीची मर्यादा पाहिली तर मात्रेचा प्रश्न अधिक ठळक होतो. ३ महिन्यांपर्यंतच्या किंवा ५ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळास वरील मलम केवळ १ ग्रॅम, १० चौरस सेंटिमीटर जागेवर, जास्तीत जास्त १ तास लावता येते. मोठ्या माणसाचे मलम ‘थोडे कमी’ करून बाळाला लावणे म्हणजे काय, याचा बोध या आकड्यांवरून व्हावा.

चिकटपट्टीच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. ५ टक्क्यांच्या एका प्रमाणित पट्टीत ७०० मिलिग्रॅम लिडोकेन असते आणि १२ तास वापरल्यानंतरही त्यातील सुमारे ९५ टक्के, म्हणजे ६६५ मिलिग्रॅम, पट्टीतच शिल्लक राहते. प्रौढास इंजेक्शनवाटे द्यावयाच्या साध्या लिग्नोकेनची कमाल मात्रा सामान्यतः ३०० मिलिग्रॅम मानली जाते. म्हणजे वापरून फेकलेल्या एका पट्टीत त्या मात्रेच्या दुपटीहून अधिक औषध असते. धडधाकट त्वचेतून ते अत्यल्प प्रमाणात झिरपते म्हणून पट्टी सुरक्षित ठरते. हीच पट्टी रांगत्या मुलाने उचलून चघळली तर ते अडवायला त्वचा नसते.

सर्व पट्ट्या एकाच जातीच्या नसतात, हेही सांगितले पाहिजे. लिडोकेनची पट्टी जागच्या जागी काम करते. कर्करोगाच्या रुग्णास दिली जाणारी फेंटॅनिलची पट्टी मात्र मुद्दाम रक्तात औषध सोडण्यासाठी बनविलेली असते आणि तिचा परिणाम मेंदूवर व श्वसनावर होतो. एकाच्या घरी उरलेली ‘दुखण्याची पट्टी’ शेजाऱ्याच्या कंबरेला लावण्याचा आपल्याकडील आपुलकीचा व्यवहार अशा वेळी घातक ठरू शकतो.

७. सुरक्षित वापराची सूत्रे

वरील इतिहासातून जी सूत्रे हाती येतात, ती पुढीलप्रमाणे मांडता येतील.

पहिले सूत्र मात्रेचे. बधिरक मलम किती ग्रॅम, किती क्षेत्रावर आणि किती वेळ लावावयाचे, या तिन्ही गोष्टी डॉक्टरांकडून विचारून घ्याव्यात. यांपैकी एकही अनिश्चित असेल तर मात्रा ठाऊक आहे असे म्हणता येत नाही. लिडोकेनच्या पट्ट्या एका वेळी तीनपेक्षा अधिक लावू नयेत आणि २४ तासांत १२ तासांहून अधिक ठेवू नयेत, अशी उत्पादकाची सूचना असते.

दुसरे सूत्र जागेचे. खरचटलेल्या, भाजलेल्या, पुरळ उठलेल्या वा नुकतेच केस काढलेल्या त्वचेतून औषध अधिक वेगाने आत जाते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय अशा जागी ते लावू नये. डोळे व तोंड यांपासून ते दूर ठेवावे आणि लावल्यावर हात धुवावेत.

तिसरे सूत्र उष्णता आणि आवरण यांचे. शेक, गरम पाण्याची पिशवी किंवा विजेची गादी यांमुळे त्वचेतील रक्तप्रवाह वाढतो आणि औषधाचे शोषणही वाढते. सुई टोचण्यापूर्वी डॉक्टर विशिष्ट मलमावर मोजून आवरण लावतात. तेच अनुकरण घरी मोठ्या क्षेत्रावर करणे धोक्याचे होय. शिवाय बधिर झालेल्या त्वचेला चटका वा ओरखडा कळत नाही, हेही विसरू नये.

चौथे सूत्र व्यक्तीचे. अर्भके, गर्भवती व स्तनदा माता, यकृत वा हृदयाचे रुग्ण, तालबिघाडावर औषध घेणारे, तसेच पूर्वी दंतवैद्याच्या भुलीची बाधा झालेले यांनी ही माहिती आधीच डॉक्टरांना द्यावी.

पाचवे सूत्र विल्हेवाटीचे. कोकणच्या दमट हवेत घामाने पट्टी सुटून अंथरुणात वा जमिनीवर पडण्याचा संभव असतो. वापरलेली पट्टी चिकट बाजू आत घेऊन दुमडावी आणि मुलांच्या व पाळीव जनावरांच्या हाती लागणार नाही अशा रीतीने टाकावी.

सहावे सूत्र सर्वांत जुने आहे, आणि महाडच्या अनुभवाने ते पुन्हा सिद्ध केले आहे. वेदना थांबल्यावरही रुग्णाकडे पाहत राहावे. गुंगी, ओठांभोवतीची बधिरता, निळसर ओठ, छातीत धडधड यांपैकी काहीही दिसल्यास मलम पुसून टाकावे किंवा पट्टी काढावी आणि तात्काळ रुग्णालय गाठावे. विंचूदंशानंतर तर मलमाचा विचार न करता प्रथम रुग्णालयच गाठणे इष्ट होय.

८. समारोप

एके काळी गोंदवून घेताना मुलींनी वेदना सहन करावी, हीच रीत मानली जाई. आज गोंदण्यापूर्वी त्वचा बधिर करून घेण्याची सोय उपलब्ध आहे. मानवी दुःख कमी करणारा हा बदल स्वागतार्हच आहे. वेदना सोसण्यात काही पुण्य आहे, असे मानण्याचे कारण उरलेले नाही. नागिणीनंतरच्या जळजळीने रात्ररात्र जागणाऱ्या वृद्धास एखादी पट्टी झोप मिळवून देत असेल, तर तिचे मोल आकड्यांत सांगता येणार नाही.

परंतु वेदनेची एक माहिती देणारी भूमिका असते आणि ती माहिती आपण थांबविली, तर तिची जागा निरीक्षणाने घ्यावी लागते. मांत्रिक वेदनेवर लक्ष ठेवीत होता. बिरवाडीच्या तरुण डॉक्टरांनी नाडी, घाम, श्वास आणि हातापायांची ऊब यांवर लक्ष ठेवले. उपचाराच्या इतिहासात जो फरक पडला तो या दृष्टीतील फरकाने. पेण आणि रोहा परिसरातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींच्या हाती आज सौंदर्योपचारांसाठी, गोंदणासाठी किंवा खेळातील दुखापतीसाठी बधिरक मलमे येऊ शकतात. त्यांना शिकविणाऱ्या अध्यापकांनी ‘वरून लावायचे’ या शब्दांमागील निश्चिंतता एकदा तपासून पाहावी आणि आपल्याच जिल्ह्यात घडलेला हा वैद्यकीय इतिहास विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवावा, एवढीच अपेक्षा.